गाणारीचं नाव, बिदागी आणि मॉनिटर : स्वतंत्र गायिका-वादकांची छोटी मैफल कशी भरवावी

मार्च जवळ आला की मला फोन येतात. महिला दिनाचा कार्यक्रम आहे, गिटार वाजवणारी किंवा रॅप करणारी एखादी मुलगी सुचवा, वीस मिनिटं हवीत, मानधनाची सोय नाही पण सत्कार करू. मी मैफलींची ध्वनिव्यवस्था बघते, म्हणून हे फोन माझ्याकडे येतात. सत्काराच्या शाली कपाटात घड्या घालून ठेवलेल्या आणि रिहर्सलच्या खोलीचं भाडं थकलेल्या बऱ्याच जणी मला ठाऊक आहेत. त्यांना शाल नको असते असं नाही. पण पोस्टरवर नाव बरोबर असणं, बिदागी वेळेवर मिळणं आणि गाताना स्वतःचा आवाज ऐकू येणं हा त्यांच्या लेखी खरा मान असतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच राहून जातं.

ज्यांना मनापासून काही करायचंय पण कुठून सुरुवात करावी कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. साठ ते ऐंशी माणसं, दोन कलाकार, तिकीट लावलेली एक संध्याकाळ, एवढं गृहीत धरलंय. कोल्हापुरात भरवा, नांदेडला भरवा की मडगावला, कामं तीच आहेत.

तीन महिने आधी : ऐकायला बसा

आधी हॉल धरू नका, आधी ऐका. स्वतंत्र संगीत म्हणजे इंग्रजी गाणी आणि गिटार, एवढंच डोक्यात असेल तर ते काढून टाका. कंपनी नाही, सिनेमा नाही, गाणं स्वतःचं आणि रेकॉर्डिंगचा खर्चही स्वतःचा, असं जे जे संगीत आहे ते सगळं यात येतं. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीभोवती भीमगीतांच्या पुस्तिका, कॅसेटी आणि पुढे सीड्या विकणारे स्टॉल लागत आले आहेत. गाणं थेट माणसाच्या हातात देणारं हे वितरण कुठल्याही ॲपच्या आधीचं आहे. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलवरच्या साध्या व्हिडिओंमधून घराघरात पोहोचल्या. शीतल साठे यांची शाहिरी पुण्याच्या वस्त्यांतून वर आली. माही जी या नावाने रॅप करणाऱ्या मधुरा घाणे महादेव कोळी समाजातल्या. सानिया एमक्यू गोवंडीची. मुंबईच्या डी एमसीने मुलींसाठी रॅपची वाट रुंद केली, आणि ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा तर सगळ्या मुलींचाच हिपहॉप संच आहे. सॅण्डयून्स या नावाने सनाया अर्देशिर इलेक्ट्रॉनिक संगीत करतात. हे सगळं एका रांगेत ऐकलंत की ‘महिला कलाकार’ हा काही संगीतप्रकार नव्हे, हे आपोआप कळतं.

ही नावं आता बऱ्यापैकी माहीत झालेली आहेत. तुम्हाला शोधायची आहे ती तुमच्या जिल्ह्यातली, जिच्या व्हिडिओला तीनशे व्ह्यूज आहेत ती. कॉलेजांच्या सांस्कृतिक विभागात विचारा. गावातल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत विचारा, कारण आपल्या पैशांनी कोण ट्रॅक करून गेलं हे तिथल्या माणसाला पक्कं माहीत असतं. जयंत्यांच्या गाण्याच्या कार्यक्रमांना जा आणि शाहिराच्या मागे झील धरणाऱ्या बायकांकडे लक्ष द्या. सगळ्यात दमदार आवाज कितीदा तरी तिथे मागच्या ओळीत उभा असतो.

चकाचक म्युझिक व्हिडिओ बघून ठरवू नका. निदान एक सलग, थेट गायलेला व्हिडिओ बघा. तिच्याकडे स्वतःची किती मिनिटांची गाणी आहेत ते विचारा. पंचवीस मिनिटांची असतील तर पंचवीसच मिनिटं ठेवा. वेळ भरायला ‘दोन हिंदी सिनेमाची म्हण ना’ असं सांगू नका, कारण तिची गाणी ऐकवायची म्हणून तर हा खटाटोप चाललाय.

आणि जोडी जमवताना ‘दोघी बायका आहेत’ एवढंच साम्य बघू नका. एकतारी आणि सिंथेसायझर (विजेवर सूर घडवणारं वाद्य) एका संध्याकाळी छान नांदतात, दोन्हीत एक स्वर धरून ठेवण्याची गंमत आहे. रॅपनंतर मात्र कुजबुजत्या आवाजातली गाणी ठेवली तर ती गाणी मरतात. शांत आधी, दणदणीत नंतर.

अडीच महिने आधी : पहिला मेसेज

पहिल्याच मेसेजमध्ये तारीख, गाव, गाण्याची वेळ, अंदाजे प्रेक्षक आणि रक्कम लिहा. रक्कम म्हणजे आकडा. ‘मानधनाचं बोलू’ असं लिहिलं की समोरची अर्धी उमेद तिथेच खचते. प्रवास आणि राहणं बिदागीत धरलंय की वेगळं, तेही त्यातच सांगा.

पुढचा प्रश्न नावाचा. पोस्टरवर कोणतं नाव, स्पेलिंग काय, देवनागरीत कसं लिहायचं? हे विचारणं शिष्टाचारापुरतं नाही. टोपणनावाने गाणाऱ्या काही मुलींच्या घरी त्या गातात हे ठाऊक नसतं. तुम्ही हौसेने खरं नाव छापलंत, गावाचं नाव टाकलंत, कॉलेजच्या फोटोत टॅग केलंत, तर तिचं गाणं बंद पडू शकतं. फोटोही तिने पाठवलेलाच वापरा.

बोलणं तिच्याशी करा. माझ्या डोळ्यांसमोर घडलेला प्रकार सांगते. एका गायिकेचा सगळा व्यवहार आयोजकांनी तिच्या गिटारिस्टशी केला, कारण तो पुरुष होता आणि फोन उचलत होता. तिला रक्कम कळली स्टेजवर चढायच्या पाच मिनिटं आधी. तिने स्वतःहून ‘याच्याशी बोला’ म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी.

ती नाही म्हणाली तर ‘कोणती तारीख जमेल?’ एवढं जरूर विचारा. परीक्षा, ड्युटी, लहान मूल, सासरी कार्य, कारण बहुतेक वेळा तारखेचंच असतं. मूल सोबत येणार असेल तर त्याला घेऊन बसणारं एक विश्वासाचं माणूस नेमा आणि तसं तिला आधीच कळवा.

पैसे : बिदागी पहिल्या ओळीत

बहुतेक आयोजक आधी हॉल, मग साउंड, मग बॅनर, मग नाश्ता लिहितात आणि तळाशी उरलेलं कलाकाराला देतात. वही उलटी धरा. समजा तिकीट ३०० रुपये आहे आणि ६० माणसं येतील असा सावध अंदाज आहे. १८,००० झाले. दोघींचे ५,००० प्रमाणे १०,००० पहिल्या ओळीत लिहून बाजूला काढा. उरले ८,०००. आता हॉल, साउंड, प्रवास, पाणी, जेवण, पोस्टर हे सगळं आठ हजारांत बसवायचंय. नाट्यगृह बसणार नाही. वाचनालयाचा सभागृहवजा हॉल, नृत्यवर्गाची खोली, स्वतःचे स्पीकर असलेला एखादा कॅफे बसेल. फ्लेक्सची गरज नाही, झेरॉक्सची पोस्टरं चालतात आणि दिसतातही छान.

यावर एक साधी अट घाला. ६० तिकिटांच्या वर जितकी विकली जातील, त्यातले ७० टक्के कलाकारांचे. ऐंशी विकली गेली तर वरच्या वीस तिकिटांचे ६,००० आले, त्यातले ४,२०० दोघींत वाटून २,१०० प्रत्येकी. मग ती स्वतःही मनापासून प्रचार करते, आणि हिशेब उघड्यावर राहतो. तिघींना दीड-दीड हजारांत बोलावण्यापेक्षा दोघींना नीट द्या, असं माझं ठाम मत आहे.

फुकट प्रवेश शक्यतो ठेवू नका. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली सुरू केल्या तेव्हा बाईने असं स्टेजवर बसून गावं की नाही यावरच वाद होता. तिकीट काढून बाईचं गाणं ऐकायची सवय या मातीने कष्टाने लावून घेतलीय.

जागा आणि कागदपत्रं

जागा बघायला जाल तेव्हा आवाजाच्या आधी तीन गोष्टी बघा. मेकअप रूमला आतून कडी आहे का, स्वच्छतागृहात पाणी आणि दिवा आहे का, आणि कार्यक्रम संपल्यावर रस्त्यापर्यंत उजेड आहे का. शेवटची एसटी किंवा लोकल किती वाजता ते लिहून घ्या आणि कार्यक्रमाची वेळ तिथून उलटी मोजा. संध्याकाळी साडेसहाला सुरू करून नऊला संपवलेली मैफल प्रेक्षकांतल्या मुलींनाही पूर्ण ऐकता येते.

खुल्या जागेत करणार असाल तर पोलिसांची लाउडस्पीकरची परवानगी लागते आणि ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. बंदिस्त सभागृहाला यात सवलत असली तरी शेजाऱ्यांना आधी सांगून या. कलाकार स्वतःची गाणी गाणार असतील तर गाण्यांच्या हक्कांचं काम हलकं होतं. दुसऱ्यांची गाणी असतील तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा, परवाना बघावा लागतो, आणि मध्यंतरात रेकॉर्ड लावणार असाल तर त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे.

आयोजकांपैकी एका बाईचा फोन नंबर ‘काही खटकलं तर इथे सांगा’ असं लिहून दारावर आणि मेकअप रूममध्ये लावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. आपल्यासारख्या लहान आयोजकांनी हे माहीत करून ठेवावं.

आवाज

आता माझा विषय, म्हणून इथे जरा थांबते.

पंधरा दिवस आधी प्रत्येकीकडून कागद मागवा. किती माणसं, कोणती वाद्यं, कोण कुठे उभं राहणार, ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेलं साथसंगीत) लावायचा आहे का, आणि पट्टी कोणती, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरून ती गाते. पट्टीचा प्रश्न फार महत्त्वाचा. मिश्र संचात पेटी आणि तबला पुरुषांच्या सोयीने काळी एकला लावलेले असतात आणि बाईला एकतर घसा ताणून वर गावं लागतं किंवा आवाज खाली दाबून. काळी चार किंवा काळी पाचला गाणाऱ्या बाईसाठी तबला तिच्या पट्टीचाच आणायला हवा, ऐन वेळी हातोडी मारून ते जमत नाही. ‘तिचा आवाज पोहोचला नाही’ असं म्हणतात तेव्हा बऱ्याचदा चूक पट्टीची असते.

माईकसाठी महागड्या वस्तू नकोत. शुअर एसएम५८ किंवा त्या जातीचा डायनॅमिक माईक पुरतो. हा कार्डिऑइड असतो, म्हणजे बरोबर मागच्या बाजूने बहिरा. म्हणून मॉनिटर स्पीकर, म्हणजे गाणारीला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माईकच्या थेट मागे, गाणारीच्या समोर ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माईक असेल तर त्याला मागून थोडं ऐकू येतं आणि त्याची बहिरी जागा साधारण १२० अंशांवर असते, तेव्हा मॉनिटर थोडा बाजूला सरकवा. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की कर्कश शिट्टी वाजते, एवढ्या एका गोष्टीने त्यातल्या निम्म्या शिट्ट्या बंद होतात. शिट्टी वाजली की ऑपरेटर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे गाणारीचा आवाज कमी. मग ती ओरडून गाते, तिसऱ्या गाण्याला घसा बसतो, आणि बाहेर लोक म्हणतात की तयारी कमी पडली.

मिक्सरवर गाणारीच्या चॅनेलवर लो-कट (खालचे आवाज गाळणारं बटण) १०० हर्ट्झच्या आसपास लावा. खालची घरघर जाते आणि बाईच्या आवाजातलं काही कमी होत नाही. शब्द कळत नसतील तर तिचा आवाज वाढवण्याआधी ट्रॅक आणि ड्रम कमी करा. त्यानंतरही गढूळ वाटलं तर ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं काढा. ‘बायकांचा आवाज तीक्ष्ण असतो’ म्हणून वरचे सूर आधीच कापून ठेवणारे ऑपरेटर मी पाहिलेत. तिने तोंड उघडायच्या आधी इक्वलायझरला हात लावायचा नाही, हा नियम करा.

एकतारीला वेगळा माईक हवा, पण ती मोठी करायचा मोह टाळा. वाद्यापासून वीतभर अंतरावर छोटा कंडेन्सर चालतो, त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. मॉनिटरमध्ये एकतारी अगदी थोडी सोडा. हलगी आणि डफाला छोट्या हॉलमध्ये माईकच नको. झील धरणाऱ्या दोघींना एक माईक पुरतो, पण मग त्यांनी सारख्या अंतरावर उभं राहायला हवं. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.

रॅपच्या ट्रॅकची फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून घेऊ नका. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल ड्राइव्हवरून मागवा आणि पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा. माईकची जाळी मुठीत धरली की माईकचं बहिरेपण जातं आणि शिट्टी येते. साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, एकदा तिला धरून दाखवा. का ते कळलं की ती स्वतःच दांडी धरते. लॅपटॉप किंवा कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला नीट जोडणारी छोटी पेटी) घ्या. चार्जर लावल्यावर घूं आवाज आला तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय लावा, नसेल तर गाणं संपेपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

साउंडचेकला प्रत्येकीला चाळीस मिनिटं द्या. जी शेवटी गाणार तिचा चेक पहिला, जी आधी गाणार तिचा शेवटी, म्हणजे स्टेज तिच्यासाठी मांडलेलंच राहतं. चेक चालू असताना प्रश्न तिला विचारा. ‘मॉनिटरमध्ये काय वाढवू?’ हे वाक्य काही जणींनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं असतं आणि काय सांगावं ते त्यांना सुचत नाही. अशा वेळी आधी फक्त तिचा आवाज द्या, मग एकेक वाद्य घालत जा आणि दर वेळी थांबा. मिक्सरवर एखादी शिकाऊ मुलगी बसवता आली तर जरूर बसवा. मी अशीच एका सरांच्या शेजारी बसून फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) ओढायला शिकले.

संध्याकाळी

निवेदन लहान ठेवा आणि त्यात तिचं काम सांगा. ‘घर सांभाळून गाते’ हे वाक्य गाळा. ही गाणी कोणी लिहिली, चाल कोणाची, सोबत कोण वाजवतंय, हे पूर्ण नावांसकट सांगा.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावातून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रायट गर्ल ही मुलींची पंक चळवळ निघाली. ‘बिकिनी किल’ या बँडची गायिका कॅथलिन हॅना मुलींना पुढे यायला सांगायची, कारण पंकच्या कार्यक्रमांत स्टेजसमोरची जागा मुलांच्या धक्काबुक्कीने व्यापलेली असे. आपल्याकडे तशी झुंबड नसते, पण पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या आणि मागची भिंत मुलींची, हे चित्र सगळीकडे आहे. पहिल्या दोन रांगा मोकळ्या ठेवा आणि दारावर येणाऱ्या मुलींना तिथे बसवा. गाणारीसमोर मान डोलावणारे चेहरे असले की तिचं दुसरं गाणं बदलतं. मी ते मीटरवर बघितलंय, आवाज सुटतो.

कोणी आचरट शेरा मारला तर उत्तर देण्याचं काम गाणारीचं नाही. एकाला आधीच नेमा, त्याने जाऊन शांतपणे बाहेर काढायचं. पैसे तिने वाद्य पेटीत ठेवायच्या आत यूपीआयने पाठवा आणि विक्रीचा कागद दाखवा. मग तिच्या घरी पोहोचल्याच्या मेसेजची वाट बघा.

दुसऱ्या दिवसापासून : नोंद

ही पायरी बहुतेक जण गाळतात.

१९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या तंत्रज्ञांना आवाज कोणाचा ते कळायला हवं होतं. नाव ध्वनीतच कोरलं गेलं म्हणून ते कोणाला पुसता आलं नाही. याच्या उलट गोष्ट डेलिया डर्बिशायरची. १९६३ मध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत तिने टेपचे तुकडे जोडून घडवलं. संगीतकार रॉन ग्रेनर श्रेय वाटून घ्यायला तयार होता, पण संस्थेच्या नियमात ते बसेना. पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ मध्ये, ती जाऊन बारा वर्षं झाल्यावर.

आपल्या जवळचं उदाहरण अहमदाबादचं आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवला गेला. त्यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता आणि त्यांनी स्वतःही त्यावर रचना केल्या. त्या काळातल्या टेप अल्बम म्हणून बाहेर आल्या थेट २०२३ मध्ये. आणि चांगलं कसं करावं हे बघायचं तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभं केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि आज ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर ओवी वाचताना ती कोणी गायली, कोणत्या गावची, हे सोबत कळतं.

म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची एक पानी नोंद करा. तारीख, जागा, गाण्यांची यादी, प्रत्येक गाण्याचं शब्द-चाल-वादन कोणाचं, साउंड कोणी केला, फोटो कोणाचे. छापून दोन प्रती काढा, एक तिला द्या.

ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी लेखी विचारा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, त्यामुळे ‘आमच्या कार्यक्रमात झालं म्हणजे आमचं’ हे चालत नाही. फाइल आधी तिच्याकडे जाऊ द्या आणि व्हिडिओ तिच्याच चॅनेलवर चढू द्या, तुम्ही तिथली लिंक फिरवा. अनेक गायिकांचे सगळ्यात गाजलेले व्हिडिओ दुसऱ्यांच्या चॅनेलवर आहेत आणि कमाईही तिकडेच जाते.

तिला गाणं ॲपवर प्रसिद्ध करायचं असेल तर एक दुपार तिच्याबरोबर बसून त्याचा फॉर्म भरा. गीतकार, संगीतकार, निर्माती या रकान्यांत तिचं नाव घाला. घाईत ते रिकामे राहतात किंवा स्टुडिओवाल्याचं नाव पडतं. गाणी तिने लिहिली-रचली असतील तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्यायला सांगा. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही, हे तिला आधी माहीत असू दे. कलाकाराला गाणी थेट विकता येतात ते संकेतस्थळ, बँडकॅम्प, डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के घेतं, व्यवहाराचं शुल्क वजा जाऊन बाकीचे कलाकाराला मिळतात. आणि गाण्यांची घडी घातलेली आठ पानी पुस्तिका एका ए४ कागदात होते. दहा-वीस रुपयांना दारात ठेवली की हातोहात खपते.

आठवड्याने तिला एक फोन करा. काय जमलं, काय चुकलं ते विचारा, आणि मग विचारा, ‘तुम्ही सध्या कोणाकोणाला ऐकताय?’ ती दोन तरी अशी नावं सांगेल जी तुम्ही कधी ऐकलेली नसतील. गावासकट वहीत लिहून घ्या आणि त्या दोघींना तारीख विचारूनच पुढचा हॉल धरा.